पाण्यानं काढलेले आलेख

परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पावसाळ्यात एक आकडा तोंडपाठ असतो : 65. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की सरकारी कागदावर ‘अतिवृष्टी’ होते आणि पंचनाम्याची, मदतीची वाट खुली होते. भारतीय हवामान खात्याच्या व्याख्येतही ‘जोरदार पाऊस’ 64.5 मिलिमीटरपासून सुरू होतो. नोंद 61 ची झाली तर? सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं असतं आणि तलाठी, कृषी सहायक, गावकरी असे सगळे एका आकड्याभोवती वाद घालत बसतात. हा आकडा कुठल्या यंत्रानं दिला, ते यंत्र कसं चालतं, आपल्या रानापासून किती लांब आहे, हे त्या गर्दीतल्या फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

ते यंत्र पाण्यानंच चालतं. मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर फनेलखाली दोन चिमुकल्या कुप्या एका आसावर पाठीला पाठ लावून बसवलेल्या असतात. फनेलमधून येणारं पाणी वरच्या कुपीत साठतं. ठरावीक वजन झालं की ती कलंडते, रिकामी होते आणि दुसरी तिच्या जागी वर येते. कलंडण्याच्या प्रत्येक झटक्याला एक चुंबक एका स्विचजवळून जातो आणि एक नोंद होते. फनेलचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं असेल आणि एक झटका अर्ध्या मिलिमीटर पावसाचा धरला असेल, तर प्रत्येक कुपीत बरोबर 10 घनसेंटिमीटर पाणी मावायला हवं. म्हणजे अतिवृष्टीची रेषा ओलांडायला 130 झटके. काही यंत्रं एका झटक्याला 0.2 मिलिमीटर मोजतात. त्यांना 325 झटके लागतात. लंडनच्या ख्रिस्तोफर रेननं सतराव्या शतकात या कलंडत्या कुपीची कल्पना मांडली, ती आज परभणीतल्या शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईपर्यंत येऊन पोचली आहे.

या यंत्राची एक उणीव नेमकी आपल्याकडच्या पावसात उघडी पडते. कुपी कलंडत असताना, त्या क्षणभरात, वरून येणारी धार थांबत नाही. रिमझिम पावसात त्यानं फरक पडत नाही. पण ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळतो तेव्हा कुपी एकसारखी कलंडत राहते आणि प्रत्येक वेळी थोडं पाणी मोजणीतून निसटतं. दुरुस्तीचं गणित लावलं नाही तर यंत्र पाऊस कमी दाखवतं, आणि तेही ज्या दिवशी अचूकतेची सगळ्यात जास्त गरज असते त्याच दिवशी. म्हणून चांगल्या वेधशाळेत साधा हातानं मोजायचा पर्जन्यमापकही शेजारी ठेवतात आणि सकाळी साडेआठला काचेच्या मापात पाणी ओतून दोन्ही आकडे ताडून पाहतात.

आलेख काढण्याचं काम खुद्द पाण्याकडे सोपवणारं यंत्र याहून देखणं आहे. सायफनच्या पर्जन्यमापकात पाणी एका नळकांड्यात साठतं, त्यावर तरंगणारा फ्लोट वर चढतो, फ्लोटला जोडलेलं पेन फिरत्या ड्रमवरच्या कागदावर रेघ ओढत जातं. पाऊस नसेल तर रेघ आडवी. भुरभुर असेल तर तिरकी. धो धो कोसळला तर जवळजवळ उभी. 10 मिलिमीटर भरले की सायफन सुरू होतो, नळकांडं काही क्षणांत रिकामं होतं आणि पेन सरळ खाली येऊन पुन्हा चढायला लागतं. 65 मिलिमीटरच्या पावसात पेन सहा वेळा खाली येतं आणि सातव्या चढावर अर्ध्यात असतं. या कागदावर दिवसभराची बेरीज तर कळतेच, पण पाऊस कसा पडला तेही कळतं. दिवसभर झिमझिमत मातीत मुरलेले 65 आणि तासाभरात बांध फोडून गेलेले 65 यांत पिकाच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मंडळाच्या यादीत मात्र दोघांची नोंद एकच. आकडा खरा असतो, पण तो हातात येईपर्यंत त्यातली हालचाल निघून गेलेली असते.

पावसाच्या आकड्याला एक सोय आहे, ती तापमानाला नाही, हवेच्या दाबाला नाही, भूकंपाच्या तीव्रतेला तर नाहीच. पाऊस उंचीत मोजतात. 65 मिलिमीटर म्हणजे सपाट जागेवर साडेसहा सेंटिमीटर उभं पाणी. तो दाखवायला कुठली पट्टी लहान-मोठी करावी लागत नाही, रंगांची सूची द्यावी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक पारदर्शक नळी उभी केली आणि कालच्या पावसाएवढं पाणी तिच्यात चढवलं, तर तो आलेखही असतो आणि मूळ वस्तूही. साडेसहा सेंटिमीटरवर लाल रेघ मारली की वाद कशावर चालला आहे ते शाळकरी पोरालाही दिसेल. अख्ख्या हंगामाची नळी केली तर परभणीसारख्या ठिकाणी ती मीटरभराच्या आसपास राहील, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलाच्या छाती-खांद्यापर्यंत. छोटा पंप आणि एक झडप जोडली तर तीस वर्षांचे पावसाळे, एका वर्षाला बारा सेकंद देऊन, सहा मिनिटांत डोळ्यांसमोर चढून-उतरून जातील. त्यात 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला 2015 ओळखता येईल आणि नातवाला ते दाखवताही येईल.

ही कल्पना काही आजची नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारासमोर हातभर रुंद तोंडाचं कुंड पर्जन्यमापक म्हणून ठेवायला सांगितलं आहे आणि प्रदेशाप्रदेशाच्या पावसाची मापं द्रोणांत दिली आहेत. जांगल प्रदेशाला सोळा द्रोण, अवंतीला तेवीस, अपरांताला म्हणजे कोकणाला अमाप. यांच्या जोडीला अश्मकाचं नाव येतं. अश्मक म्हणजे गोदावरीच्या मधल्या खोऱ्याचा मुलूख, आजचा मराठवाडा ज्याच्या जवळपास बसतो. त्याचं माप या सगळ्यांत कमी, जांगलापेक्षाही खालचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यानं या मुलखाचं कोरडेपण कुंडातल्या पाण्यावरून टिपून ठेवलं होतं.

नद्यांनी हीच गोष्ट आणखी उघडपणे केली. नाशिकला रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हा गोदावरीचा पूरमापक आहे. पाणी मारुतीच्या पायांशी आलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत चढलं, डोक्यावरून गेलं, एवढं सांगितलं की क्युसेकचा आकडा न कळणाऱ्यालाही पूर केवढा ते कळतं, आणि आजोबांच्या वेळच्या पुराशी त्याची तुलनाही करता येते. कैरोजवळच्या रोडा बेटावर 861 साली बांधलेल्या नाईलमापकात संगमरवरी खांबावर हातांच्या खुणा आहेत. नाईलचं पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढलं यावरून त्या वर्षीचा शेतसारा ठरत असे. पाण्याची उंची आणि सरकारी तिजोरी यांचं नातं परभणीच्या 65 पेक्षा हजार वर्षांनी जुनं आहे. फरक इतकाच की तो खांब जाग्यावर जाऊन पाहता येत होता.

नाशिकचा तोच पूर पुढे नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात येतो. जायकवाडीचा उपयुक्त साठा 2171 दशलक्ष घनमीटर आहे, आणि ऑगस्ट उजाडला की पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेडपर्यंत माणसं त्याची टक्केवारी रोज विचारतात. धरण नव्वदीला गेलं की डाव्या कालव्याच्या आवर्तनाची आशा, पाणी जोत्याखाली गेलं की काळजी. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचं येलदरी आणि त्याच्या खालचं सिद्धेश्वर यांचंही तसंच. टक्का हे सोपं माप आहे, पण त्यात धरणाचा आकार हरवतो. धरण वर पसरट आणि खाली अरुंद असतं, त्यामुळे वरचा एक मीटर उतरला तर जेवढं पाणी जातं तेवढं खालचे कितीतरी मीटर उतरल्यावर जातं. बातमीत ‘पातळी अर्ध्या मीटरनं वाढली’ असं वाचणाऱ्याला हे ठाऊक नसतं. धरणाच्या खोऱ्याचा साचा करून त्यात पाणी भरून दाखवलं तर एका नजरेत उलगडेल अशी ही गोष्ट आहे, आणि जिल्ह्यातल्या एखाद्या विज्ञान प्रदर्शनात ती करण्याजोगी आहे.

वाहत्या पाण्याकडून आकडेमोड करून घेण्याचे प्रयोग तर विसाव्या शतकात थेट प्रयोगशाळांत झाले. सोव्हिएत संघातल्या व्लादिमीर लुक्यानोवनं 1936 साली पाण्याचं गणकयंत्र बनवलं. काँक्रीटमध्ये उष्णता कशी पसरते आणि तडे का जातात हे समीकरण त्यातल्या नळ्यांमधलं पाणी वर-खाली होऊन सोडवत असे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या बिल फिलिप्सनं 1949 साली लंडनमध्ये रंगीत पाणी वाहवून देशाची अर्थव्यवस्था दाखवणारं यंत्र उभं केलं. ही यंत्रं विजेच्या संगणकांनी मागे टाकली. हवामान मात्र अजून टाकीतल्या पाण्याकडूनच शिकावं असं आहे.

केंब्रिजमध्ये रेमंड हाइड हा तरुण संशोधक 1950 च्या सुमारास पृथ्वीच्या पोटातल्या वितळलेल्या गाभ्याचा विचार करत होता. त्यानं फिरत्या चकतीवर एक गोल टाकी ठेवली, आत थंड पात्र, बाहेरून गरम पाणी, आणि मधल्या कड्यात प्रयोगाचं पाणी. टाकी हळू फिरली तर गरम पाणी बाहेरच्या काठाशी वर येतं, आत जाऊन थंड होतं, खाली बसतं, तळातून परत येतं. वेग वाढवला की हा शांत फेरा मोडतो आणि मधल्या भागात एक नागमोडी पट्टा तयार होतो. तीन, चार, पाच वळणं घेत तो टाकीभर फिरत राहतो. गाभ्याच्या शोधात निघालेल्या माणसाच्या हाती वातावरणाची प्रतिमा लागली. आठ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा झोत असाच वळणं घेतो. शिकागोत डेव्ह फुल्ट्झनं साध्या पातेल्यासारख्या भांड्यात हेच दाखवलं. आज अनेक विद्यापीठांत जुनी ग्रामोफोनची चकती, एक काचेचं भांडं, मधोमध बर्फाचा डबा आणि शाईचे थेंब एवढ्या सामानात हा प्रयोग होतो.

मराठवाड्याला त्या नागमोडी पट्ट्याशी काय करायचं, असं कुणी विचारलं तर 2014 आठवावं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत दिवसचे दिवस गारपीट झाली. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी आणि फळबागा झोडपून निघाल्या. हिवाळ्यात आणि त्याच्या शेवटी येणारे पश्चिमी विक्षोभ याच वळणदार झोतातून येतात. वळण खोल उतरलं की उत्तरेची थंड हवा दख्खनच्या वरपर्यंत येते, खालून बंगालच्या उपसागराची ओल मिळाली की उंच ढग बांधले जातात. टाकीतल्या पाण्यात तो पट्टा कधी काठाकडे ताणला जातो, कधी आत वळतो, ते शाईनं रंगवून बघितलं की मार्चमध्ये गारा कुठून आल्या हे समजायला नकाशावरच्या बाणांची गरज उरत नाही. टाकी नैर्ऋत्य मोसमी पावसाचं सगळं सांगणार नाही, हेही खरं. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम क्षीण असतो आणि ढगांत बाष्पाचं पाणी होताना सुटणारी उष्णता कुठल्याच टाकीत नसते.

अंदाज का चुकतो, याचं उत्तरही पाणी देतं. एडवर्ड लॉरेन्झनं 1963 साली तीन समीकरणांत दाखवलं की नियम पक्के असूनही पुढचं सांगता न येणं शक्य आहे. एमआयटीतल्या विलेम माल्कस आणि लुई हॉवर्ड यांनी त्याचं पाणचक्र करून दाखवलं. चक्राच्या कडेला तळाशी भोक असलेले पेले, वर एक नळ. धार बारीक असेल तर चक्र जागचं हलत नाही. वाढवली तर एका दिशेनं सुरळीत फिरतं. आणखी वाढवली की ते मनमानी करू लागतं : चार फेरे इकडे, थांबणं, दोन तिकडे, पुन्हा उलट. नळ तोच, भोकं तीच. सुरुवातीला एका पेल्यात थेंबभर पाणी जास्त असलं तरी काही मिनिटांनी सगळा क्रम निराळा होतो. 2017 साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी चुकलेल्या अंदाजाबद्दल हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे, कारण दुबार पेरणीचा खर्च त्यांच्या खिशातून जातो. परभणी जिल्ह्यातच सेलू तालुक्यातल्या पंजाबराव डखांचे पावसाचे अंदाज गावोगाव मोबाइलवर ऐकले जातात, यावरूनही ही भूक किती मोठी आहे ते कळतं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारात असं एक पाणचक्र उभं राहिलं, तर पाच दिवसांचा अंदाज आणि पंचवीस दिवसांचा अंदाज यांत विश्वासाचा फरक का करावा लागतो हे शेतकरी मेळाव्यात दहा मिनिटांत दाखवता येईल. अंदाजाचं छापील पत्रक हे काम करू शकत नाही.

आता जमिनीखालच्या पाण्याकडे.

21 मार्च 2024 च्या सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, अकरा मिनिटांनी 3.6 चा दुसरा. परभणी आणि नांदेडमध्येही घरातली भांडी वाजली. 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा 4.5 चा धक्का आला. हिंगोली हा 1 मे 1999 पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता, आणि वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे गूढ आवाज 2024 च्या या धक्क्यांआधीही काही वर्षं ऐकू येत होते. या आवाजात गूढ असं नाही. लहान भूकंप अगदी उथळ झाला की त्याच्या वेगवान लहरी जमिनीतून हवेत शिरतात आणि माणसाच्या कानाला गडगडाट ऐकू येतो. भीती मात्र खरी आहे, कारण 30 सप्टेंबर 1993 ची पहाट कुणी विसरलेलं नाही. किल्लारीच्या त्या भूकंपात साडेनऊ हजारांहून जास्त माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली.

भूकंप आणि पाणी यांचं नातं जगाला शिकवणारी जागा महाराष्ट्रातच आहे. कोयनेचं शिवसागर 1962 पासून भरू लागलं, छोटे धक्के सुरू झाले, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे सहाहून जास्त तीव्रतेच्या भूकंपानं कोयनानगर उद्ध्वस्त केलं. पाण्याचं वजन खडकावर पडतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाबाखाली पाणी भेगांतून खोल उतरतं आणि आधीच ताणलेल्या प्रस्तरभंगाची पकड सैल करतं. तिथे आजही धक्क्यांची संख्या जलाशयाच्या चढ-उताराबरोबर कमी-जास्त होते. जलाशयाच्या पातळीची रेघ आणि खाली धक्क्यांचे ठिपके असा आलेख काढला की पाणी आणि खडक यांचं बोलणं डोळ्यांना दिसतं. भूकंपाच्या मुळाशी जाण्यासाठी त्याच भागात गोठणे इथे सुमारे तीन किलोमीटर खोल विंधन विवर घेतलं गेलं आणि कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं कोयना-वारणा भागात खोल निरीक्षण-विहिरी घेऊन त्यांतली पातळी सतत नोंदवली आहे. त्यांतल्या काही विहिरी रोज दोनदा किंचित श्वास घेतात : चंद्र-सूर्याच्या ओढीनं समुद्राला भरती येते तशी घट्ट खडकालाही येते, खडक ताणला-दाबला जातो आणि भेगेतलं पाणी विहिरीत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर-खाली होतं. एवढ्या नाजूक मापकाला भूकंप चुकत नाही. जवळचा धक्का बसला की पातळी एकदम बदलते. 2004 च्या डिसेंबरातला सुमात्राचा भूकंपही या विहिरींत उमटला, हजारो किलोमीटरवरून.

अशा नोंदींचा सगळ्यात मोठा ताळा 27 मार्च 1964 च्या अलास्का भूकंपानं दिला. तीव्रता 9.2. अमेरिकेत पाण्याची पातळी नोंदवणारी 1,450 हून जास्त यंत्रं त्या दिवशी हलली. निम्मी विहिरींवरची, निम्मी नद्या-तलावांवरची. दक्षिण डकोटातल्या एका विहिरीत पाणी 23 फुटांच्या टप्प्यात वर-खाली झालं. इजिप्त, बेल्जियम, दक्षिण आफ्रिका, फिलिपाइन्स इथल्या विहिरींनीही नोंद दिली. ही यंत्रं भूकंपासाठी बसवलेली नव्हती. फ्लोट, तार, ड्रम आणि पेन, एवढंच त्यांच्यात होतं.

परभणीत असं दिसेल का? खडक दख्खनचा काळा पाषाण आहे, थरावर थर, मधे भेगा, वर काळी माती. भेग वरून बंद असेल आणि तिच्यातलं पाणी दाबाखाली असेल तर बोअर चांगली साक्ष देते. मोठ्या घेराची उघडी विहीर देत नाही. तिची पातळी हलवायला भेगेतून कितीतरी पाणी यावं लागतं आणि तोवर लहर निघून जाते. दुसरी अडचण नोंदीची आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण-विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. पावसाळ्यानं जमिनीत किती भर टाकली आणि उन्हाळ्यानं किती उपसलं, हे कळायला चार नोंदी पुरतात. भूकंपाला पुरत नाहीत. बोअरमध्ये दाबमापक सोडून ठरावीक वेळानं आपोआप पातळी नोंदवणारी यंत्रं आता देशभर बसवली जात आहेत. त्यांच्या रेघेत एखादी अचानक पायरी दिसू शकते. लहर स्वतः बघायची असेल तर मात्र सेकंदाला एक नोंद हवी. हिंगोलीच्या धक्क्यांबद्दल परिसरातल्या धरणांकडे बोट दाखवण्याआधी हे व्हायला हवं. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर यांच्या रोजच्या पातळ्या, धक्क्यांच्या वेळा आणि बोअरची सलग नोंद एका कागदावर आल्याशिवाय कोयनेशी नातं जोडणं घाईचं ठरेल, आणि नातं नाहीच म्हणणंही तितकंच घाईचं.

उघड्या पाण्याला भूकंप वेगळ्या तऱ्हेनं समजतो. भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालणारीला ठाऊक असतं की पाण्याची स्वतःची एक लय असते. पावलं त्या लयीशी जुळली की ते उसळून बाहेर येतं. 1 नोव्हेंबर 1755 ला लिस्बनला भूकंप झाला तेव्हा स्कॉटलंडमधल्या लोमंड सरोवराचं पाणी काठावर दोन फुटांहून जास्त चढलं, कारण लांबून आलेल्या संथ लहरी त्याच्या लयीशी जुळल्या. ही लय काढणं सोपं आहे : लांबीची दुप्पट भागिले लहरीचा वेग, आणि वेग म्हणजे गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. राज्यात 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत जे मोठ्यात मोठं तळं धरलं होतं ते 30 मीटर लांब, 30 रुंद, 3 खोल. काठोकाठ भरलेल्या अशा तळ्याची लय सुमारे अकरा सेकंदांची येते. उतरत्या बाजूंमुळे थोडी इकडे-तिकडे. पन्नास मीटरचं, अडीच मीटर पाण्याचं तळं घेतलं तर वीस सेकंद. दूरच्या मोठ्या भूकंपांच्या पृष्ठलहरी साधारण याच, दहा ते वीस-पंचवीस सेकंदांच्या टप्प्यात येतात. म्हणजे प्लास्टिकचं अस्तर घातलेली परभणीची शेकडो शेततळी हिमालयातला एखादा मोठा भूकंप दाखवू शकतील. 2015 च्या नेपाळ भूकंपात काठमांडूतले पोहण्याचे तलाव उसळताना जगानं पाहिले. हिंगोलीचा धक्का मात्र शेततळ्यांत दिसणार नाही. तो जवळचा, लहान, सेकंदापेक्षा कमी काळाच्या कंपनांचा. पाणी अंगावर शहारे आल्यासारखं थरथरेल, झुलणार नाही.

त्या थरथरीलाही रूप देता येतं. भूकंपमापकाची नोंद ध्वनीत बदलून, पन्नास-शंभर पट वेगानं, थाळीखाली ठेवलेल्या स्पीकरमधून वाजवली तर थाळीतलं पाणी चौकटी-चौकटींची नक्षी उभी करतं. वेग वाढवावा लागतो, कारण भूकंपाची बहुतेक मूळ कंपनं कानाला आणि साध्या स्पीकरला झेपणार नाहीत इतकी मंद असतात. मायकेल फॅरडेनं 1831 सालीच दाखवलं होतं की खालून हलवलेल्या द्रवावरच्या लाटा हलवण्याच्या निम्म्या गतीनं उठतात. त्यामुळे थाळीतली नक्षी म्हणजे भूकंपाची हुबेहूब प्रत नसते. थाळीचा घेर, पाण्याची खोली यांचाही तिच्यात वाटा असतो. दाखवणाऱ्यानं हे सांगायलाच हवं. पण किल्लारीसारखा मोठा भूकंप आणि हिंगोलीचा धक्का एकाच थाळीत एकामागोमाग वाजवले, तर तीव्रतेत पावणेदोनाचा फरक म्हणजे ऊर्जेत चारशेपटींच्या आसपास, हे अंगावर येतं. जर्मन कलाकार युलियस पॉप पडत्या थेंबांचे शब्द करून बातम्यांतली अक्षरं क्षणभर हवेत उभी करतो. तेवढं महागडं यंत्र शाळेला लागत नाही.

वालूरला लागेल ते याहून कमी. सेलू तालुक्यातल्या या गावाची चक्राकार बारव गाळानं भरली होती. गावकऱ्यांनी ती मोकळी केली आणि राज्यभर पोचलेल्या बारव मोहिमेत तिचं नाव झालं. गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या ही मुळात एक पट्टी आहे. मेच्या अखेरीस पाणी कुठल्या पायरीला आणि सप्टेंबरच्या अखेरीस कुठल्या, एवढी दोन वर्षखुणांची पाटी दरवर्षी लावली, तर वीस वर्षांत जिल्ह्याचा भूजल-आलेख दगडावर उभा राहील. शेजारी भूजल यंत्रणेच्या जवळच्या निरीक्षण-विहिरीची तीच नोंद लिहावी, म्हणजे उपसा कुठे जास्त आहे ते दोन्हींच्या फरकातून कळेल. भूकंप बारवेत उमटणार नाही, तिचा घेर फार मोठा. त्यासाठी गावातली वापरात नसलेली एखादी अरुंद बोअर, तिच्यात दाबमापक आणि सेकंदाला एक नोंद लिहिणारा डबा लागेल, आणि पहिल्या वर्षी त्या डब्याची गाठ बहुधा भूकंपाआधी पलीकडच्या रानातल्या मोटारींशी पडेल : वीज आली की सगळ्या एकदम सुरू, पाणी खाली, वीज गेली की पाणी वर.